होडी खाली येताना

प्रिय काजल,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. माझं बीपी ठीक आहे, अंकिताचं कॉलेज सुरू झालं, मागच्या गल्लीतल्या सीताबाईंच्या कुत्रीला पिल्लं झाली आणि ती सगळी आपल्याच पायऱ्यांवर येऊन झोपतात. हे फोनवरही सांगता आलं असतं असं तुला वाटेल. पण फोनवर मी ‘जेवलीस का’ च्या पुढे जात नाही. तुझे बाबा म्हणायचे, दीपमालाचा फोन म्हणजे तार. मला बसून, थांबत थांबत सांगावं लागतं. आज रविवार आहे, ऑफिस नाही, अंकिता क्लासला गेली आहे, आणि व्हरांड्यात ऊन पायापर्यंत आलं आहे. म्हणून वही घेऊन बसले.

तू ठरवून दिलेली हैदराबादची सहल झाली. मी ‘छान झाली’ म्हटलं आणि तू ‘बरं’ म्हणालीस. तुला आणखी विचारायचं होतं, ते कळलं मला. तर आता सांगते. मोठे बाबा आणि मोठी आई वडनेरहून थेट सेवाग्राम स्टेशनवरच आले. धाकट्या भावाच्या घरच्यांबरोबर सहल म्हणून मोठे बाबांनी नवा पायजमा घातला होता, त्याची इस्त्री मोडू नये म्हणून ते बाकावर बसेनात. मोठी आईने एवढं खाणं बांधून आणलं होतं, की जणू हैदराबादला चूल पेटतच नाही. तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, ठेच्याची बरणी. मला म्हणाली, ‘तिकडे सगळं आंबट खातेत म्हणे. माह्यासारखीले मिर्ची नसली तं घास नाई उतरत.’ तुझ्या जागी मोठी आईचं तिकीट होतं. तुला सुट्टी मिळाली नाही असं तू सांगितलंस. मी काही विचारलं नाही. दिवाळीत तुमचं ऑफिस बंद असतं, हे मला माहीत आहे.

गाडीत अंकिता वरच्या बर्थवर कॅमेऱ्याची बॅग उशाला घेऊन झोपली. मी खालून तिचा लोंबणारा हात बघत होते आणि मनात एकच होतं, ही पोरगी परत येताना जराशी तरी हसावी. दुसरं काही मी मागत नव्हते.

आता तुला माहीत असलेलंच लिहिते, पण मला ते एकदा ओळीने लिहायचं आहे. बाबा गेले त्याच्या आधीच्या जानेवारीत आपण सगळे वडनेरला गेलो होतो. मोठे बाबांच्या मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. बाबांनी चपला काढल्या आणि पन्नाशीच्या माणसाने लहान पोरासारखी त्या ढिगात उडी मारली. छातीपर्यंत आत गेले. मिशीला कापूस, भुवयांना कापूस. डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान मागे टाकलेली. अंकिताने तेव्हा फोटो काढला. तू पहिल्या पगारातून घेऊन दिलेला कॅमेरा तिच्या गळ्यात अजून नवाच होता. त्या खोलीला एकच खिडकी आहे. तिचा उजेड कापसावरून असा आला होता, की बाबा ढगातून वर आल्यासारखे दिसतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी चौकातल्या आदरांजलीच्या बोर्डासाठी फोटो हवा होता, फ्लेक्सवाला घाई करत होता. तू अंकिताच्या कॉम्प्युटरमधून तो फोटो काढून दिलास, कारण त्यातच ते जसे होते तसे दिसत होते. दुकानवाल्याने मिशीवरचा कापूस पुसला, अंगात कोट घातला, मागे निळं आभाळ आणि खाली कमळं टाकली, त्यावर मोठ्या अक्षरांत राकेश हे नाव. त्या दिवसांत घरात कोणाला शुद्ध होती! अंकिताने चौकात जाऊन बोर्ड पाहिला आणि तशीच परत आली. मग बोर्ड उतरला. नालीत पडेल, लोकांच्या पायाखाली येईल म्हणून मोठे बाबांनी तो गुंडाळला आणि गावी नेला. आणि पावसाच्या आधी गुरांच्या चाऱ्याचं कुटार झाकायला त्यांना काहीतरी हवं होतं. तुला गाव माहीत आहे. कोणाच्या गोठ्यावर पुढाऱ्याचा वाढदिवस असतो, कोणाच्या गंजीवर दहावीच्या क्लासची जाहिरात. चांगलं जाड प्लास्टिक कोणी टाकून देत नाही. मोठे बाबांनी चेहरा आतल्या बाजूला ठेवून झाकलं होतं. वाऱ्याने ते उलटलं. अंकिता आंबे आणायला गेली, तेव्हा गोऱ्हा बाबांच्या कोटाचा कोपरा चघळत उभा होता.

मोठे बाबा तिला एवढंच म्हणाले, ‘पोरी, म्या तं तोंड आतून केलं होतं वं.’ ती घरी आली तेव्हा तिच्या केसांत कुटार होतं. तिने तुला फोन लावला. ‘कोणाले विचारून दिला तू?’ तू म्हणालीस, ‘तेव्हा तुला विचारत बसायचं होतं का?’ दोन्ही वाक्यं मी ऐकली. तुमचं दोघींचं म्हणणं मला कळत होतं, म्हणून मी मध्ये पडले नाही. त्यानंतर तुम्ही एकमेकींशी बोलला नाहीत, आणि त्यानंतर तिने माणसाचा फोटो काढला नाही.

कॅमेरा तिने सोडला नव्हता. रोज काहीतरी काढायची. जिने, तारा, बंद शटरं, वाळत घातलेल्या चादरी. सुंदर असायचं सगळं. पण चौकटीत माणूस आला की कॅमेरा खाली. एकदा मी विचारलं. ती म्हणाली, ‘माणसाचा चांगला फोटो काढला, की तो मेल्यावर लोकं तोच शोधतेत.’ सोळा वर्षांची पोरगी. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. पण मला भीती वाटायला लागली की ही हळूहळू माणसांकडे बघणंच सोडून देईल. तू सहलीचं ठरवलंस, तेव्हा तुलाही तीच भीती असावी. आपण दोघी त्याबद्दल बोललो नाही, एवढंच.

तू तिकिटं काढलेला तो पार्क शहरापासून बराच दूर आहे. सकाळी गेटवर पोहोचलो तेव्हा धुकं होतं आणि धुक्याच्या आत कुठेतरी बँड वाजत होता. आत एक अख्खं गाव उभं केलं आहे. रंगीत घरं, गॅलऱ्या, कुंड्या, चौकात घड्याळाचा मनोरा, लाल पोस्टाची पेटी. पण दार ढकललं की मागे काही नाही. लाकडाच्या टेकण्या आणि आभाळ. मला वाटलं, स्वप्नात आपण ज्या गावात जातो ना, ओळखीचं वाटतं पण कोणाचंच नाव आठवत नाही, ते हे गाव. मोठी आई एकेका दारातून डोकावत होती. ‘अवं बाई, कोणीच राह्यत नाई इथं! मंग एवढं झाडून कोण काढते?’

पहिला दिवस वाया गेला. आपण चौघं आहोत तर चौघांनी बरोबर फिरायचं, असं मी धरून चालले होते. मोठी आईला प्रत्येक ठिकाणी फोटो हवा. सिमेंटच्या हत्तीजवळ, खोट्या राजाच्या सिंहासनावर, कारंज्यासमोर. ‘अंकू, एक काढ ना वं माहा.’ अंकिता मुकाट्याने मोबाईल माझ्या हातात द्यायची आणि बाजूला व्हायची. मग मी काढायचे, वाकडे यायचे. अंकिता मागे राहायची, आम्ही हाका मारायचो, ती धावत यायची, पुन्हा मागे राहायची. एकदा वळून पाहिलं तर ती पाणी पिण्याच्या टाकीसमोर गुडघ्यावर बसली होती. मोठी आई मला म्हणाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘एवढ्या दूर आणलं पोट्टीले, अन् फोटो कायचा काढून राह्यली तं नळाचा! वडनेरले नळ नाई काय?’ मोठे बाबा दबक्या आवाजात म्हणाले, ‘चूप बस ना वं. काढू दे तिले.’ ते दिवसभर तिच्यापासून लांब लांबच चालत होते. तिच्या वाटेत सावली पडू नये अशा बेताने. दुपारी अंकिताने कॅमेरा बॅगेत टाकला, चेन लावली आणि पायरीवर बसली. ‘तुम्ही जाऊन या. मले काई पाहायचं नाई.’ तिच्या हातातली पुरी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मी ओळ बदलली. मोठे बाबा आणि मोठी आईला पाळण्यांच्या रांगेत लावून दिलं, जेवायला घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटू म्हटलं, आणि मी अंकिताच्या मागे चालायला लागले. मला फोटोतलं काही कळत नाही. पण लहानपणी आईच्या मागे कापूस वेचायला जायचे, तेव्हा एक शिकले होते. पुढे पळायचं नाही, ओळ मोडायची नाही, बोलायचं नाही. तशीच चालले. तिची बॅग मी घेतली. कारंज्यांजवळ आलो की ब्रेडची प्लास्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर धरायची. ती थांबली की थांबायचं. ती का थांबली ते विचारायचं नाही. आणि मला हळूहळू कळलं की ही काही रुसून मागे राहत नव्हती. ही उजेडाची वाट बघते. आम्ही काल दिवसभर तिला त्या उजेडातून ओढून काढत होतो.

गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांसमोर आम्ही खूप वेळ बसलो. गर्दी अजून आली नव्हती. घोडे रिकामेच फिरत होते, वर खाली होत होते, सोनेरी आयाळींचे, आणि आतून बारीक घंटीचं संगीत येत होतं. ती ऊन घोड्यांच्या पाठीवर यायची वाट बघत होती. मी पिशवीतून चिक्की काढून तिच्या बाजूला ठेवली, दिली नाही, नुसती ठेवली. जरा वेळाने तिने ती खाल्ली. मग म्हणाली, ‘आई, इथून पाह्य. इथे डोळा लाव.’

काजल, मी पहिल्यांदा त्या कॅमेऱ्यातून पाहिलं. बाहेरचं सगळं नाहीसं होतं त्यातून, तुला माहीत असेल. मागचे खांब, कचऱ्याचे डबे, पाट्या, काहीच नाही. नुसते घोडे, ऊन आणि धुक्याचा शेवटचा पदर. आणि पलीकडून एक माणूस चालला होता. पाठमोरा, दोन्ही हात मागे बांधून, उजवा खांदा किंचित खाली, बाबा चालायचे तसा. घोडे मध्ये आले. ते फिरून गेले तेव्हा तिथे कोणी नव्हतं. मी डोळा काढला नाही. पुन्हा घोडे आले, पुन्हा गेले. अंकिता म्हणाली, ‘दिसलं का?’ मी म्हटलं, ‘दिसलं.’ तिने तेवढ्यावरच ठेवलं. बाबा गेल्यापासून माझ्या आत जे नुसतं घट्ट होतं, ते त्या ठिकाणी थोडं सैल झालं, एवढंच सांगता येईल मला.

जेवणानंतर मोठी आईला बर्फाच्या खोलीत जायचं होतं. तिथे भाड्याने जाड कोट देतात. मोठी आई लुगड्यावर तो फुगलेला निळा कोट, हातमोजे आणि गमबूट घालून खोट्या बर्फात उभी राहिली, आणि वरून पांढरं पडायला लागलं तेव्हा तिने तोंड वर करून जीभ बाहेर काढली. मी अंकिताकडे पाहिलं. तिचा हात कॅमेऱ्यावर गेला होता. बोट टेकलंही होतं. मग तिने हात काढून खिशात घातला. मी दुसरीकडे बघितलं. मी बघितलेलं तिला कळायला नको होतं.

आणि मग ती होडी. एका उंच चौथऱ्यावरून होडी सरळ उतारावरून पाण्यात येऊन पडते. वीस-पंचवीस माणसं एकदम ओरडतात, मोठी लाट उठते, सगळे भिजतात. मोठी आई ‘मले नाई लागत’ म्हणून माझ्याजवळच थांबली. मोठे बाबा मात्र गुपचूप रांगेत जाऊन उभे राहिले. एवढं तिकीट काढलंय तर काहीतरी करायला हवं, असं त्यांच्या तोंडावर होतं. उतारावर कुठेतरी आपोआप चालणारा कॅमेरा बसवला आहे. होडी खाली आली, की बाहेरच्या काउंटरवर मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे चेहरे येतात. हवा असेल त्याने विकत घ्यायचा. बहुतेक लोक हसतात, बोट दाखवतात आणि निघून जातात. पुढची होडी आली, की आधीचे चेहरे पुसले जातात.

अंकिता त्या पडद्यासमोर उभी राहिली ती हलेचना. चेहरे येत होते, जात होते. ओरडणारे, रडणारे, एकमेकांना घट्ट धरलेले. एक नवरी हातभर चुड्यासह डोळे झाकून. एक म्हातारा सरदारजी टाळ्या वाजवत. कोणालाच माहीत नव्हतं की आपला फोटो निघतोय. आणि पुसले गेले तरी त्यातली माणसं तिथेच ओले कपडे पिळत उभी होती, आइस्क्रीम मागत होती. अंकिता एकदा पडद्याकडे बघायची, एकदा त्या माणसांकडे. मी बाजूला उभी होते. पाण्याचे तुषार आमच्यापर्यंत येत होते आणि त्या पडद्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर बदलत होता.

मग मोठे बाबांची होडी आली.

पडद्यावर ते शेवटच्या ओळीत होते. डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान मागे टाकलेली, कपाळावर पाण्याचे पांढरे थेंब. मी कठडा धरला. मोठे बाबा कधी हसत नाहीत गं. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात नीट पाहिले नव्हते. त्यामुळे दोघं भाऊ इतके एकसारखे आहेत, हे आपल्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मोठी आई म्हणत होती, ‘घेऊन घ्या ना हा, चांगला आला!’ काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘जल्दी बोलो अम्मा, अगला बोट आया तो ये चले जाता.’ अंकिता म्हणाली, ‘राहू द्या मोठी आई. मशीनले काय समजते. मीच काढून देईन.’

मोठे बाबा नखशिखांत भिजून, नव्या पायजम्याला दोन्ही हातांनी धरून बाहेर आले. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ‘मोठे बाबा, अजून एकदा बसता का?’ दीड वर्षात ती त्यांच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. त्यांनी होडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘बसतो ना. तू म्हणशीन तं दिवसभर बसतो.’ मोठी आई ओरडली, ‘मरता काय बाप्पा! तोंड पाह्यलं काय आपलं? पांढरं पडलं जसं!’ पण ते वळलेसुद्धा होते.

पुढे काय झालं ते तू पाहायला हवं होतंस. अंकिता कठड्याच्या कडेकडेने धावत होती, वाकत होती, पायऱ्यांवर चढत होती, माझ्यावर ओरडत होती, ‘आई, पिशवी! आई, पुस ना काच!’ पहिल्यांदा लाट मध्ये आली. मग पुढे बसलेल्या बाईचा पदर मध्ये आला. दर वेळी मोठे बाबा खाली उतरून विचारायचे, ‘आला का?’ आणि तिने मान हलवली की पुन्हा रांगेत. रांगेतली कॉलेजची पोरं त्यांना ओळखायला लागली होती, ‘काका, फिर से!’ म्हणून टाळ्या द्यायची. शेवटच्या वेळी ते उतरले ते थेट मेंदीच्या कुंपणामागे गेले आणि उलटी करून आले. तोंड पुसत म्हणाले, ‘झालं का पोरी? का अजून जाऊ?’ तिने कॅमेरा त्यांच्यासमोर धरला.

मोठे बाबांनी बराच वेळ पाहिलं. ओला हात पायजम्याला पुसला, पण तोही ओलाच होता, म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. म्हणाले, ‘हा तं राकेश होय.’ मोठी आई म्हणाली, ‘राकेश कायचा? तुमीच हा ना.’ होडी आणखी एकदा येऊन पडली. शेवटी तेच जरा ओशाळून म्हणाले, ‘अन् हसून नाई राह्यलो वं म्या त्याच्यात. जीव गेल्ता माहा!’ आणि अंकिता हसली. आधी नाकातून, मग पोट धरून, खाली बसून. मोठी आई तिला हसली, मी तिघांना हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिथे सगळेच ओले होते म्हणून कोणी विचारलं नाही.

मोठे बाबा म्हणाले, ‘हा मोठा करून देजो मले. खोलीत लावतो, भिंतीवर.’ अंकिताचं हसू थांबलं. ‘भिंतीवर? आत्ताच?’ ‘मंग! मेल्यावर म्या काय पाहाले येतो?’

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांनी ते सहज म्हटलं होतं, शेतातल्या कामाबद्दल बोलावं तसं. पण त्यानंतर तिने कॅमेऱ्याची चेन लावली नाही. मोठी आईला परत बर्फाच्या खोलीत नेलं, कोट घालायला लावला, जीभ बाहेर काढायला लावली. ‘काय नाटकं करून राह्यली वं ही,’ म्हणत मोठी आईने दहा वेळा जीभ काढली. संध्याकाळी दिवे लागले. ती मागे काही नसलेली घरं आतून पिवळी दिसायला लागली, जणू प्रत्येकात कोणीतरी राहायला आलंय. तळ्यात सगळं उलटं दिसत होतं, पाळणे, दिवे, माणसं. अंकिता त्या उजेडात अनोळखी माणसांना हातवारे करून विचारत होती, काढू का? आणि लोक हो म्हणत होते. एक फुगेवाला, जुळ्या बहिणी, खांद्यावर झोपलेलं बाळ घेतलेला बाप. मी तळ्याकाठी बाकावर चपला काढून बसले होते, पाय दुखत होते. मला काहीतरी आठवत होतं, काय ते सांगता येत नाही. बाजूला बारीक आवाज झाला, कळ दाबल्याचा. मी मान वळवली नाही. तिने मला विचारलं नव्हतं, पण मला विचारण्याची गरज नाही, हे तिला माहीत असेल.

परतीच्या गाडीत ती माझ्याजवळ खिडकीशी बसली होती. समोर मोठे बाबा बसल्या बसल्या झोपले होते. मोठी आई शेजारच्या बाईला तुझ्या डिसेंबरातल्या साखरपुड्याचं सांगत होती, मुलगा काय करतो, माणसं कशी चांगली आहेत, हॉल कुठला घेतला. अंकिता बाहेर बघत होती. बल्लारशाह गेल्यावर काचेकडेच बघत म्हणाली, ‘ताईच्या साखरपुड्याले फोटो कोण काढून राह्यलं?’ मी म्हटलं, माहीत नाही, ठरलं नसेल. वरोरा येऊन गेलं. कापसाने भरलेल्या बैलबंड्या फाटकाशी थांबलेल्या दिसल्या, त्याही मागे गेल्या. मग म्हणाली, ‘मी विचारलं असं ताईले नको सांगजो.’ मी नाही सांगणार म्हटलं, आणि माझा शब्द आता मोडते आहे. फोनवर मोडला असता तर तू लगेच ‘दे तिच्याकडे’ म्हणाली असतीस, तिने मान हलवून नाही म्हटलं असतं, आणि तुम्ही दोघी पुन्हा होतात तिथेच राहिला असतात. ती माझ्यावर गेली आहे, तिला तोंडाने मागता येत नाही. म्हणून हे पत्र. कोणी फोटोवाला सांगितला असेल तर त्याला नाही म्हण. तिला मी काही बोलणार नाही. तूच विचार, ‘माझे फोटो काढशील का?’, एवढंच. बाकीचं काही त्यात आणू नकोस, चूक कोणाची तेही नको. ती लगेच हो म्हणणार नाही. आधी विचारेल की हॉलला खिडक्या कुठल्या बाजूला आहेत. तेच तिचं हो आहे, समजून घे.

तुझीच,
आई